खेकड्याच्या दारातला गोल

एका खडकाळ किनाऱ्यावर, ओहोटीनंतरही पाणी टिकून राहील अशा एका डबक्यात, एक खेकडा राहत असे. डबके लहान, पण त्यात समुद्री शेवाळाची झुडपे मात्र नाना तऱ्हेची. काही हिरवी, पानासारखी पातळ. काही लाल, झालरीसारखी. काही तपकिरी आणि चांगली उंच. खेकड्याचे घर एका तपकिरी झुडपात होते. स्वभावाने तो असा, की स्वतःची सावली हलली तरी ओरडायचा, "कोण आहे रे तिकडे?" आणि बाळांनो, सध्या तर त्याला घाबरायला खरेच कारण होते. त्याची कात टाकायची वेळ जवळ आली होती. जुने कवच उतरले, की नवे घट्ट होईपर्यंत खेकड्याचे अंग लोण्यासारखे मऊ असते. तेवढे दिवस झुडपाचा आडोसा मिळाला नाही, तर त्याचे काही खरे नसते.

नेमक्या त्याच दिवसांत एक शंखवाली गोगलगाय डबक्यात फिरू लागली. प्रत्येक झुडपापाशी थांबायची, शेवाळ कोणते ते निरखायची, आत कोण राहते ते विचारायची आणि आपल्या खरखरीत जिभेने शेजारच्या दगडावर खूण करायची. जितके राहणारे तितक्या रेघा. कुणीच नसेल तर एक गोल. लाल झुडपातल्या भोळ्या कोळंबीने तर तिला आपल्या अंड्यांसकट सगळे सांगून टाकले. खेकडा दुरून पाहत होता. "एवढी विचारपूस कुणी उगाच करतं का?" तो पुटपुटला. दुसऱ्या दिवशी एक बगळा बरोबर त्या रेघांच्या दगडावर येऊन उभा राहिला. आता बगळा दगडावर नाही तर कुठे उभा राहणार? पण खेकड्याची खात्रीच पटली. या गोगलगायबाई बगळ्याला सामील आहेत!

अखेर गोगलगाय त्याच्याही झुडपाशी पोहोचली. "खेकडेदादा, इथे कोण कोण राहतं हो?" तिने विचारले.

"तुला कशाला हव्यात नसत्या चौकशा?"

"अहो, गेल्या साली साळूंनी दिसेल ते शेवाळ खाल्लं आणि कितीतरी जण उघड्यावर पडले. या खेपेला त्यांनी कबूल केलंय, रिकामी झुडपं तेवढीच खाऊ म्हणून. मग रिकामं कोणतं, ते कुणीतरी बघायला नको का?" साळू म्हणजे चेंडूसारखे गोल, अंगभर काटे असलेले समुद्री जीव. शेवाळ हेच त्यांचे जेवण.

कारण सरळ होते, म्हणूनच खेकड्याला ते जास्त वाकडे वाटले. "इथे कुणी राहत नाही," तो म्हणाला. "मी आपला वाटेनं चाललो होतो."

"नक्की ना?"

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

गोगलगाय बिचारी ओशाळली. तिने दगडावर एक गोल काढला आणि ती पुढे गेली. "कशी बनवली!" असे म्हणत खेकडा हसत हसत झुडपात शिरला.

चार दिवसांनी त्याने कात टाकली. मऊ अंग आक्रसून तो बुंध्याशी बसला होता, तोच खालून कुरतडल्याचा आवाज आला. पाहतो तर पाच साळू त्याचे झुडूप खात होते!

"थांबा, थांबा! मी राहतो इथे!" खेकडा ओरडला.

"दगडावर तर गोल आहे," एक साळू तोंड न थांबवता म्हणाला. "शेवाळ वाचवायला कुणीही असं म्हणेल. गोगलगायीनं येऊन सांगू दे, मग थांबतो."

खेकड्याने नांगी उगारली, पण ती पाण्यात नुसतीच लुळी हलली. "कोळंबीताई, गोगलगायीला बोलाव गं! मी चुकलो, म्हणावं!" तो गयावया करू लागला. कोळंबी तीरासारखी गेली. निरोप ऐकताच गोगलगाय निघाली. पण कितीही घाई केली तरी ती गोगलगायच. मध्ये सगळे डबके ओलांडायचे होते आणि ओहोटी लागली होती, म्हणजे बगळ्याची यायची वेळ झाली होती.

ती पोहोचली तेव्हा झुडपाचा नुसता खुंट उरला होता. साळू पोट भरून केव्हाच निघून गेले होते. शेजारच्या दगडावर बगळा उभा होता आणि चोच पुसत होता. गोगलगायीला फार वाईट वाटले. गोल पुसून तिथे एक रेघ ओढायची, म्हणून ती एवढी धावपळ करत आली होती. तिने खुंटाभोवती एक फेरी मारली, एक हाक दिली, थोडा वेळ वाट पाहिली. मग तो गोल तसाच ठेवून ती परत फिरली.

तात्पर्य : संशय आला तर समोरासमोर विचारून खात्री करून घ्यावी; खोटे सांगून जो सगळ्यांपासून लपतो, त्याच्यावर वेळ आली की त्याचे खरेही कुणाला खरे वाटत नाही.