पेजेतलं मीठ

भर समुद्रात चाळीस उंबऱ्यांचं एक चिमुकलं बेट होतं. तिथली माणसं मासे सुकवून आणि नारळ विकून पोट भरायची. बेटावर पाच बावी होत्या, म्हणजे आपल्या विहिरी, आणि त्यांची एक जुनी रीत होती. खणताना पाणी लागलं की गुडघाभर साठेल एवढंच आणखी खणायचं आणि थांबायचं. त्याखाली कुदळ घालायची नाही.

या बेटावर एक घरजावई आला. पलीकडच्या मुलखात तो विहिरी खणायचा आणि त्याच्या हाताला यश होतं. सात-सात माणसं एकावर एक उभी राहतील अशा खोल विहिरी त्याने खणल्या होत्या, आणि त्याचा तोरा काही कमी नव्हता.

उन्हाळा आला. बायको पहाटेपासून रांगेत उभी राहायची आणि दोन कळश्या घेऊन उन्हं चढल्यावर परतायची. जावयाचा जीव तुटायचा. एक दिवस त्याने कुदळ उचलली.

सासू धावत आली. "जावयबापू, खोल खणू नकात! गोडा पानी वरच्यावर आसा. खाली सगळो दर्योच."

जावई हसला. "आई, पाणी कमी पडलं की खोल जायचं. हे मला शिकवता?"

सासूने हात जोडले, पण ऐकतो कोण! चार दिवसांत त्याने घरामागच्या परड्यात खोलच खोल बाव खणली. पाणी धो धो आलं. बायका नवल करत कळश्या भरून नेऊ लागल्या. आता तर जावई हरभऱ्याच्या झाडावर चढला. होडीतून बैल आणला, रहाट बसवला, पोफळीची दोनशे रोपं लावली आणि दिवसभर पाणी सोडू लागला.

आठव्या दिवशी सकाळी बायकोने पेज वाढली. पहिल्याच घोटाला त्याने तोंड वाकडं केलं. "अगं, मीठ किती घातलंस?"

"मीठ?" ती म्हणाली. "मिया अजून घालूकच नाय."

जावयाने वाटी बाजूला सारली. तो धावत बावीवर गेला, ओंजळ भरून प्यायला आणि थुंकला. खारं! शेजारच्या बावीवर गेला. तिथलंही खारं! पाचही बावी त्याने चाखल्या. त्याचे डोळे पांढरे झाले. एका माणसाने एक खड्डा खणला आणि चाळीस घरांचं पाणी गेलं! बायका रिकाम्या कळश्या घेऊन उभ्या होत्या.

सासू पुढे आली. "दुधार साय आसता ना, तसा पावसाचा पानी हय खाऱ्या पान्यार बसता. ती साय वरच्यावर काढूची. तुमी पळी तळाक घातलात."

जावयाने बैल परत पाठवला आणि टोपलीने वाळू वाहून स्वतःची बाव बुजवली. दोनशे रोपं त्याच्या डोळ्यांदेखत करपली. पण पाण्याविना माणसं किती दिवस थांबणार? एकेक होडी सामान घेऊन पलीकडच्या किनाऱ्याला लागली. मागे राहिलेल्यांनी पलीकडून होडीने पाणी आणून दिवस काढले. पहिला पावसाळा गेला, पाणी खारंच. दुसरा गेला, तरी खारंच.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर सासूने एका बावीतलं पाणी चाखलं आणि म्हणाली, "गोडा झाला."

जावयाने घाईघाईने कळशी भरली आणि मागच्या माणसाला वाट द्यायला बाजूला सरकला. मागे कुणीच नव्हतं. चाळीस घरांपैकी सहा उरली होती. तो कळशी तिथेच ठेवून ढसाढसा रडला.

तात्पर्य: निसर्ग वरच्यावर देतो तेवढंच घ्यावं. तळाला हात घातला तर त्याचं फळ एकट्याला नाही, साऱ्या गावाला भोगावं लागतं. आणि पाणी परत आलं तरी माणसं परत येतीलच असं नाही.