बंद फाटकाचा दिवस

"…आणि एकदा हातातून गेलेली जमीन परत येते का, महाराज? तुम्हीच सांगा!"

कर्नल हिंदुराव शितोळे फुटपाथवर उभे राहून विचारत होते. समोर घोंगडी टाकून भावगिरी महाराज बसले होते. त्यांच्या पाठीमागे छावणीच्या मैदानाची भिंत होती आणि भिंतीतलं लोखंडी फाटक बंद होतं.

महाराजांनी घोंगडीवर जरा सरकून जागा केली.

कर्नल बसले नाहीत. बसायला ते आलेच नव्हते. ते आले होते गुरूचा होकार घ्यायला.

शहराच्या ऐन मध्यावर लष्कराचं हे मैदान. शहर वाढत वाढत चहूबाजूंनी त्याला येऊन भिडलेलं. जागेला सोन्याचा भाव आला तशी महापालिकेला मैदानाची आठवण झाली. रस्ता करू, इस्पितळ बांधू, म्हाताऱ्यांना बाग करू… मागताना सगळे गोडच बोलतात. उद्या दिल्लीच्या अधिकाऱ्यांसमोर बैठक होती आणि छावणीचे प्रमुख म्हणून शितोळे काय बोलतात त्यावर बरंच काही ठरणार होतं.

शितोळ्यांचं ठरलेलं होतं. एक वीतही द्यायची नाही. महिनाअखेरीला ते निवृत्त होत होते. जाता जाता मैदान घालवून गेला, असं कुणी म्हणायला नको होतं.

एवढं पक्कं ठरलेलं असताना माणूस गुरूकडे कशाला जाईल? पण गेले खरे. काहीतरी टोचत असणार.

महाराज एरवी बसायचे ते मैदानातच, चिंचेखालच्या मठीत. मठी छावणीच्याही आधीची, म्हणून तिला कुणी हात लावला नव्हता. आज मात्र ते बाहेर होते, कारण आज फाटक बंद ठेवायचा दिवस होता.

ही छावणीची जुनी रीत. एरवी मैदानातून शहरातली माणसं खुशाल जायची यायची. पण रोजच्या वहिवाटीनं वाट कायद्यानं त्यांची होऊ नये, म्हणून वर्षातून एक दिवस सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत फाटक बंद. साध्या कपड्यातलं एकही माणूस आत जाता कामा नये. एक जरी गेलं, तरी सगळा दिवस फुकट.

"तुम्ही कशाला बाहेर आलात?" कर्नल म्हणाले. "तुम्हाला कोण हटकणार होतं?"

"मी कुठं वर्दीत आहे?"

"महाराज, थट्टा नको."

"थट्टा कसली. हुकूम म्हणजे हुकूम."

कर्नलही साध्या कपड्यातच होते. गुरूपुढे वर्दी घालून जायचं नाही, हा त्यांचा नेम होता. पांढरा कुर्ता, पायात चपला. शिपायानं मघाशी त्यांना बाहेर सोडलं होतं, कारण मनाई होती ती आत यायला.

तेवढ्यात एक बाई झपझप चालत आली आणि फाटक बघून थबकली. सगुणाबाई. पलीकडच्या दवाखान्यात आया होती. रोज मैदानातून जायची.

"आज बंद व्हय, महाराज?"

"आज बंद."

"वर्षातनं येकदा रुसत्यात बघा हे लष्करवाले. नव्या नवरीगत!" तिनं कर्नलांकडे पाहिलं. "तुमी बी अडकला काय, दादा?"

कर्नलांना हसू आलं. आपण कोण हे त्यांनी सांगितलं नाही. मुद्दामच विचारलं, "बाई, हे मैदान महापालिकेला मिळालं तर बरं नाही का? कायमचा रस्ता होईल."

"बरं? काय बरं हुईल? रस्ता हुईल तो मोटारींचा. आन् उरल्या जागंवर ह्ये हुबं ऱ्हाईल." तिनं हनुवटीनं समोरचा टोलेजंग टॉवर दाखवला. त्याच्यावर मोठ्ठी पाटी होती. मोकळ्या मैदानासमोर, मोकळ्या हवेत! "तितनं पूर्वी वाट व्हती आमची. आता वॉचमन बसलाय. म्हनला, मावशी, हितं कामाला हाईस का? न्हाईस? मग लांबनं जा. त्यापरीस ह्यो शिपाई बरा. वर्षातनं येकच दिस अडवतो."

आणि ती पदर खोचून लांबच्या वाटेनं निघाली.

कर्नलांची छाती चांगली दोन बोटं फुगली.

"ऐकलंत, महाराज? शहरच म्हणतंय, देऊ नका!"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय. झालं तुझं काम. जा आत."

कर्नल ताठ मानेनं फाटकाशी गेले. जवान संपत काळंगे पहाऱ्यावर होता. त्यानं खाडकन सलाम ठोकला… आणि तिथंच उभा राहिला.

"उघड."

काळंगे हलला नाही.

"काळंगे, फाटक उघड."

"हुकूम हाय, साहेब. साध्या कपड्यातल्या मानसाला आत सोडायचं न्हाई."

"कुणाचा हुकूम?"

"आपलाच, साहेब." काळंग्याच्या कपाळावर घाम आला होता, पण नजर समोर होती. "सकाळी आपन म्हनला व्हता, माझा बाप आला तरी सोडू नका."

कर्नलांना रागही आला आणि त्याच्या पाठीवर थाप मारावीशीही वाटली. हा पोरगा असा तयार झाला होता, तो त्यांच्याच हाताखाली.

दटावलं असतं तर फाटक उघडलंही असतं. पण मग आजचा दिवस फुकट. मैदान राखायचा हुकूम ज्यानं काढला त्यानंच तो मोडला, असं झालं असतं.

"वर्दी मागवू का, साहेब?" काळंगे हळूच म्हणाला. "वर्दीत आसाल तर सोडतो."

बरोबर होतं पोराचं. कर्नलांनी खिशातून फोन काढला. ऑर्डर्लीला सांगायचा अवकाश, तो वर्दी घेऊन धावत आला असता.

बोट फोनवर टेकता टेकता थांबलं…

पुढच्या महिन्यात ही वर्दी कपाटात जाईल. पुढच्या वर्षी या दिवशी ते इथंच उभे असतील, सगुणाबाईच्या शेजारी, भिंतीच्या या बाजूला. तेव्हा काय मागवणार?

त्यांनी फोन खिशात ठेवला. काळंग्याला म्हणाले, "शाबास. कुणालाही सोडू नकोस."

मग परत येऊन ते घोंगडीवर बसले. उन्हं डोक्यावर आली होती. भिंतीची जी थोडी सावली होती तीही सरत चालली होती.



"या भिंतीवर काचा कुणी लावल्या?" महाराजांनी विचारलं.

"…मीच लावून घेतल्या."

"इथून चमकतात."

कर्नलांनी मान वर करून पाहिलं. आतून त्या कधी दिसल्याच नव्हत्या.

"महाराज," ते म्हणाले, "सीमेवर जाण्यापूर्वी माझ्या पोरांनी शेवटची परेड केली ती या मैदानावर. सगळे परत आले नाहीत."

"ठाऊक आहे. मठीतून बघत होतो."

"त्यांना तिथं ठेवून मी बाहेर कसा जाऊ?"

महाराजांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"आल्यापासून जमिनीचं विचारत होतास. हे आत्ता विचारलंस."

कर्नलांनी तोंड फिरवलं. डोळ्यात पाणी आलं होतं, ते त्यांनी कुर्त्याच्या बाहीनं पुसलं. रस्त्यावरून माणसं जात होती. कुणी त्यांना ओळखलं नाही.

दिवस कलला. फाटकापलीकडून एक हवालदार बदलीचा जवान घेऊन आला. नवा जवान काळंग्यासमोर उभा राहिला. काळंगे तसाच ताठ.

"तो जात का नाही?" महाराजांनी विचारलं. "दुसरा आलाय की."

"नुसतं येऊन भागत नाही, महाराज. काय राखायचं ते त्यानं समजून घ्यायचं. मग जागेवर पाय रोवायचे. मग हा हलणार."

"आणि दुसरा आलाच नाही तर?"

"तर हा उभा राहणार."

"कुठवर?"

असला काय प्रश्न, अशा नजरेनं कर्नलांनी पाहिलं. "येईपर्यंत!"



आपण काय बोललो ते कर्नलांना आता ऐकू आलं…

नव्या जवानानं जागा घेतली. काळंगे वळला आणि पावलं आपटत आत गेला.

"महाराज," कर्नल हळू पण ठाम बोलू लागले, "उद्या मी हेच सांगणार. मैदान हे लष्कराचं वतन नाही. पहारा आहे. कबूल. पण पहारा असा वाऱ्यावर सोडून निघता येत नाही. शहरानं माणूस द्यावा. वाट उघडी ठेवेल आणि वीट चढू देणार नाही, असा. तो जागेवर उभा राहिला की द्या म्हणणारा पहिला मी. तोवर एक वीतही नाही."

"दिल्लीवाले चिडतील."

"चिडू देत."

"महापालिका म्हणेल, हे सगळे टाळायचे बहाणे."

"म्हणू दे. मी हलणार नाही."

"आणि असा माणूस शहराला मिळायचा कुठं?"



"तिथंच तर घोडं अडतंय, महाराज. मैदान आतून ओळखणारा हवा आणि बाहेरचा हवा. नगरसेवक झाले, बिल्डर झाले… सगळे डोळ्यांपुढे आणून पाहिले. एकही दिसत नाही."

महाराजांनी त्यांच्या पांढऱ्या कुर्त्याकडे पाहिलं.

सूर्य मावळला. बिगूल वाजला आणि फाटक करकरत उघडलं. बाहेर खोळंबलेली माणसं आत शिरली. कुणी सायकल हातात धरून, कुणी पोराला काखेत घेऊन. नव्या जवानानं कुणालाच अडवलं नाही.

कर्नल उठले. कपडे झटकले. वाकून त्यांनी गुरूंच्या पायाला हात लावला.

"चला महाराज. मठीत दिवा लावायची वेळ झाली."

महाराज मांडी घालून तसेच बसून राहिले. पाठ भिंतीला होती, तोंड शहराकडे.

"दिवा तू लाव आज."

"आणि तुम्ही?"

"जा, हिंदुराव. तुझी नोकरी संपून तू बाहेर येईपर्यंत या जागेवर मी उभा आहे."