सखाहरीचं उंबऱ्यापुरतं घर

एका गावात एक भोळा पंक्चरवाला होता, सखाहरी नावाचा. ट्यूबमधलं भोक त्याला घमेल्यातल्या पाण्यात लगेच दिसायचं. बोलण्यातलं काही केल्या दिसायचं नाही. त्यानं पतपेढीचं कर्ज काढून दोन खोल्यांचं कौलारू घर घेतलं. बायको चांगुणा वास्तुशांतीच्या तयारीला लागली, तर तिचा भाऊ म्हणाला, "घर पतपेढीचं. पूजा काय मॅनेजरच्या नावानं घालायची?"

चांगुणाच्या ते जिव्हारी लागलं. घर पुरतं आपलं झाल्याशिवाय वास्तुशांत नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

पहिला हप्ता भरताना सखाहरीनं मॅनेजर कुलथेसाहेबांना विचारलं, "साहेब, घर आमचं कधी व्हनार?"

"भरत राहा. जेवढा हप्ता भराल, तेवढं घर तुमचं."

"मग आज किती झालं?"

साहेबांचा चहा निवत होता. म्हणाले, "झाला असेल उंबरठा."

सखाहरी घरी आला आणि उंबऱ्यावर बसला. हलेचना.

"अवो, आत या की. उंबऱ्यावर बसू नये."

"आत पतपेढीचं हाय. लोकाच्या घरात न इचारता कसं शिरू?"

"मग मी कुठं उभी हाय?"

"त्येच म्हनतोय. लोकाच्या सैपाकघरात तू काय करतीस?"

चांगुणानं भाकरी तिथंच आणून आदळली. तो तिथंच जेवला, तिथंच झोपला. तिसऱ्या दिवशी कंबर धरून साहेबांकडे गेला. साहेब पोट धरून हसले.

"अहो, असं नसतं. घर आपलंच समजायचं. कुणाला विचारायचं नाही. खुशाल आत शिरायचं!"

"असं व्हय!"

परतताना वाटेत साहेबांचं घर लागलं. सखाहरी खुशाल आत शिरला. पातेलंभर कढी प्याला आणि झोपाळ्यावर आडवा झाला. साहेबीणबाईंनी गल्ली गोळा केली. साहेब धावत आले.

"अरे, हे माझं घर आहे!"

"आपलंच समजलो, साहेब. कुनाला इचारलंबी न्हाई."

"जिथं हप्ता भरलास, तेवढंच आपलं समज!" साहेब ओरडले.

सखाहरीनं डोकं खाजवलं. हप्ता कुठं भरला? पतपेढीत. खिडकी नंबर दोन.

दुसऱ्या दिवशी शिपायानं दार उघडायचा अवकाश, सखाहरीनं खिडकीपाशी अंथरूण टाकलं, स्टोव्ह पेटवला, शेळी बांधली. शेळीनं पावतीपुस्तक खायला घेतलं. एक म्हातारी पैसे भरायला आली, तर हा म्हणतो, "आजी, चपला भायेर काढा. घर हाय ह्ये."

कुलथेसाहेबांनी हात जोडले. चांगुणानं त्याला दंडाला धरून घरी नेलं. पुढं सात वर्षं दर महिन्याला ती त्याच्याबरोबर पतपेढीत आली. बोलायचं तिनं, अंगठा उठवायचा त्यानं. सात वर्षांत एकही घोटाळा झाला नाही.

शेवटच्या हप्त्याच्या दिवशी मात्र चांगुणा वास्तुशांतीचं आवतण घेऊन भावाकडे गेली. जाताना बजावलं, "अजून काय ऱ्हायलंय का, तेवढं साहेबास्नी इचारून या."

त्यानं विचारलं.

"काही नाही राहिलं," साहेब म्हणाले. "घरावरचा बोजा तेवढा उतरवायचा. तो उतरला, की घर पुरतं तुमचं."

आता, कर्जाची घराच्या कागदावर नोंद असते, तिला बोजा म्हणतात. हे सगळ्यांना ठाऊक असतं, असं साहेबांना वाटलं.

"आमचा माणूस तलाठ्याकडे पाठवतो," साहेब म्हणाले.

"कशाला मानसं लावताय? मी हाय की धडधाकट. आजच उतरवतो."

सात वर्षांत हा पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला, म्हणून साहेबांनी खुशीनं त्याच्या हातात पत्र दिलं. सखाहरीनं ते खिशात घातलं, घरी आला, हातावर थुंकला आणि शिडी लावली.

दुसऱ्या दिवशी चांगुणा भावाला मिरवत घेऊन आली. अंगणात कौलांची चळत. तिच्याशेजारी वासे, तुळया, रिपा, सगळं ओळीनं लावलेलं. मधे चार भिंती उघड्याबोडक्या उभ्या.

"अवो, छप्पर कुठं गेलं?" चांगुणा ओरडली.

"बोजा उतरवला," सखाहरी घाम पुसत म्हणाला. "एकट्यानं. एक कौल फुटू दिलं न्हाई." मग मेहुण्याकडे वळून छाती पुढं काढली. "घाला आता पूजा, पाव्हनं! घर पुरतं आमचं झालं. आत जाऊन वर बघा, थेट आभाळापतुर आमचंच हाय!"