राक्षसिणीच्या झाडाचा डिंक

एकदा काय झालं, डोंगराखाली एक गोदी नावाची मुलगी राहायची. चिमे, पांघरूण ओढू नकोस गं, नाहीतर मी सांगायचीच नाही! तर गोदीचा भाऊ बैलांवर मीठ लादून दूर विकायला गेलेला, आणि इकडे वहिनी बाळंत झाली. बाळ गोड, पण वहिनीची कंबरच धरली. उठवेना, बसवेना, बाळाला घेववेना. सुईण म्हणाली, "धावड्याच्या डिंकाचा लाडू पोटात जायला हवा. नाहीतर हिचं काही खरं नाही."

धावड्याचं झाड होतं एकच, आणि त्यावर राक्षसीण बसायची!

मग काय करते? गेली झाडाखाली डिंक मागायला. राक्षसीण वरून खेकसली, "चार खडे देईन. तीनदा देईन. तिन्ही वेळा वाया घालवलेस, तर तुलाच खाईन!"

पहिल्या खड्यांना माती चिकटलेली. वेडीनं ते ओढ्यात धुतले. अगं, डिंक पाण्यात विरघळायचाच की! हाताला नुसता चिकचिकाट राहिला.

मग दुसरे खडे. घाईघाईनं ते तसेच अख्खे कढत तुपात टाकले. वरून फुलले, आत कच्चे. वहिनीच्या दातांना असे बसले, की बिचारीला तोंड उघडेना. ती आणखीच फिकी पडली, बरं का.

मग शेवटचे चार. गोदीचा जीव टांगणीला. उन्हात वाळवले, बारीक कुटले, मंद आचेवर चिमूट चिमूट तुपात सोडले. आणि काय सांगू! लाह्यांसारखे फुलले. गूळ-खोबरं घालून लाडू वळला. एकच झाला.

तेवढ्यात दारात अंधार झाला. राक्षसीण! गोदी किंचाळली, "थांबा हो, अजून वहिनीनं खाल्ला नाही!"

राक्षसिणीनं एका हातानं चौकट धरलेली, दुसरा कमरेवर, आणि पाठीला लालबुंद चिमुकलं पोर बांधलेलं.

वहिनी पडल्या पडल्या म्हणाली, "वन्सं, ही तर ओली बाळंतीण. तिला बसायला सांगा. अर्धा लाडू द्या."

गोदीला रडूच फुटलं. "एकच आहे गं वहिनी! तू नाही उठलीस तर?"

"द्या म्हणते ना."

दिला बाई. राक्षसिणीनं बसून खाल्ला, आणि ढसाढसा रडायला लागली. "मला आजवर कुणी बस म्हणून म्हटलं नव्हतं," म्हणाली.

मग गेली ती टोपलीभर डिंक घेऊन आली. गोदी रोज लाडू वळायची, दोघी रोज खायच्या. वहिनी उठली, बाळाला कडेवर घेतलं. भाऊ परत येऊन बघतो तर ओसरीवर दोन पाळणे, आणि एकाची दोरी राक्षसिणीच्या हातात!

सगळी सुखानं राहिली. चला, मिटा डोळे. आता कुणी हूं की चूं करायचं नाही.