शेजघरातला वास

भैरवगडच्या सूर्यसेन महाराजांच्या शेजघरात रोज पहाटे घाण वास सुटायचा आणि त्याची शिक्षा होणार होती मोरी धुणाऱ्या राणोजीला.

वास कुठून येतो हे गडावरच्या मांजरांनाही ठाऊक होतं. महाराज रात्री लसणाची चटणी नि वाडगाभर बासुंदी हाणायचे आणि चूळसुद्धा न भरता घोरत पडायचे. सकाळी दात घासायचं नाव नाही. का? तर हरलेला राजा दाती तृण धरून शत्रूला शरण जातो; मग आपण निंबाची काडी तोंडात धरली तर घराण्याची नाचक्की होईल, असं या शहाण्याने ठरवून टाकलं होतं. जन्मात एक लढाई लढला नव्हता, पण शरण जायची धास्ती केवढी!

रोज उजाडताच दरबारी मंडळी मुखदर्शनाला यायची. श्वास कोंडून मुजरे घालायची आणि बाहेर जाऊन भिंतीला धरून धापा टाकायची. खरं बोलायची एकाचीही छाती नव्हती. राजवैद्य गंगाधरपंत तर इतके लाचार, की महाराजांची जांभई अगदी तोंडावर आली तरी त्यांनी हसून निदान केलं, मोरी तुंबली असावी.

राणोजीने मोरी राखेने घासघासून अशी लख्ख केली की तिच्यात जेवायला बसावं. दुसऱ्या दिवशी वास होताच. महाराजांनी त्याला कोठडीत टाकलं आणि उद्याही वास आला तर म्हाताऱ्याला गडाखाली हाकलून द्या, असा हुकूम सोडला.

राणोजीची मुलगी साळू संतापाने लाल झाली. बापाने उभा जन्म या लोकांची घाण उपसली आणि आता यांच्या तोंडाची घाणही त्याच्याच माथी! पण नुसतं खरं सांगून भागणार नव्हतं. तसं सांगितलं तर बापाबरोबर तीही गडाखाली गेली असती. तिने एक जाड घोंगडी रिठ्याने धुतली, उन्हात वाळवली आणि महाराजांपुढे नेऊन ठेवली.

महाराजांनी ती हुंगून पाहिली. वास नव्हता.

साळू म्हणाली, "महाराज, उद्या जाग आली की ही डोईवरनं घ्या. मोरीचा वास काय घोंगडीत शिरायचा न्हाई. आत बसून आपली बिरुदं म्हणा. आत वास आला न्हाई, तर माझा बाप दोषी. खुशाल हाकला त्याला."

स्वतःची बिरुदं म्हणायची म्हटल्यावर महाराज कशाला नाही म्हणतील? सकाळी सगळ्यांसमोर त्यांनी घोंगडी पांघरली आणि आतून गर्जना सुरू केली. शत्रुमर्दन, धराधीश, प्रजापालक... बिरुदांची यादी लांबलचक होती. मध्येच आवाज घोगरा झाला. मग खोकला आला. शेवटी महाराजांनी घोंगडी भिरकावली आणि डोळे पुसत खिडकीकडे धावले.

"आत काय मेलंय?" ते ओरडले.

"ते मी कसं सांगू?" साळू शांतपणे म्हणाली. "आत तर महाराज एकटेच हुते."

दरबारी पायांकडे बघू लागले. गंगाधरपंतांना एकदम कुणाची तरी नाडी बघायची आठवण झाली, पण दारावर पहारा होता. महाराजांनी तळहातावर हळूच फुंकर मारली, हुंगली आणि त्यांचा चेहरा पडला. मग मात्र ते भडकले.

"म्हणजे आता आम्ही दातांत काडी धरायची? शरण जायचं?"

"शरण जाणारा काडी नुसती धरतो, महाराज, आन् मान खाली घालून उभा ऱ्हातो," साळू म्हणाली. "तुमी ती दातांखाली चिरडा, तिचा पार कुंचा करा, मग मधोमध उभी चिरून तिनंच जीभ खरवडा, आन् थुंकून टाका. मग ह्यांना इचारा, शरण कोण गेलं? तुमी का काडी?"

महाराज असे खदाखदा हसले की पुढची रांग मागे सरकली. ते पाहून त्यांना आणखी हसू आलं. जन्मातली पहिली लढाई त्यांनी तिथल्या तिथे, निंबाच्या काडीशी लढली आणि जिंकली. राणोजीला सोडून गडावरची निंबाची बाग त्याच्या नावे केली, साळूला हातातलं सोन्याचं कडं दिलं, आणि मोरी घासायचं काम त्याच दिवसापासून गंगाधरपंतांकडे सोपवलं.