कोपऱ्यावरचा पैलवान

"मग उतरू का नको हौद्यात, वस्ताद?" सर्जेरावानं पुन्हा विचारलं.

म्हादबा वस्ताद तालमीच्या उंबऱ्यावर बसून होते. समोर कुस्तीच्या हौद्यातली लाल माती न उकरल्यानं आवळून गेली होती. शहरात दंगा झाल्यापासून तालीम बंद होती.

सर्जेराव तालमीतला सगळ्यात तयारीचा पैलवान. अंगानं दरवाजाएवढा, आणि त्याची त्याला पुरती जाणीव. जत्रेतली मोठी कुस्ती त्याच्या नावावर ठरली होती. सराव बुडाला, तर भर मैदानात शोभा होणार होती.

"मी केलं तरी काय, ते सांगा. दंग्यादिवशी नगरसेवकानं पोरांना बोलावलं. सगळ्यांचा खुराक त्याच्याकडनं येतोय, न्हाई कसं म्हणायचं? पर मी नुसता उभा हुतो. मौलाच्या गल्लीच्या कोपऱ्यावर. हातात काठी न्हाई, दगड न्हाई. तोंडातनं शिवीसुदिक गेली न्हाई."

मौला त्याचा जोडीदार. पोरवयापासून दोघं ह्याच मातीत एकमेकांना पाडत वाढले. त्या दिवशी मौलाच्या बापाचं गाद्यांचं दुकान जळालं. कापसाला पेटायला कितीसा वेळ लागतो! तेव्हापासून मौला तालमीकडे फिरकला नव्हता.

"नुसता उभा हुतास," वस्ताद म्हणाले.

"व्हय. आईशप्पत."

"खालच्या आळीची माणसं बादल्या घिऊन आली हुती म्हणत्यात."

"आली हुती की."

"मग?"

"मी अडवलं न्हाई त्यास्नी, वस्ताद. मला बघितलं आन् माघारी फिरली."

"बाजूला झालास?"

गल्ली अरुंद होती आणि सर्जेराव रुंद. तो आपल्या पायाच्या बोटांकडे बघत राहिला.

"मला कुणी बाजूला व्हा म्हटलं न्हाई."

वस्ताद म्हणाले, "लंगोट लाव. माती घे अंगाला."

सर्जेरावाचा चेहरा फुलला. सुटलो, असं त्याला वाटलं. लंगोट कसून तो हौद्यात उतरला, फावड्यानं माती उकरली, मूठमूठ घेऊन छातीला, दंडांना, मांड्यांना चोळली.

"पाठीला," वस्ताद म्हणाले.

पकड निसटू नये म्हणून लढतीआधी जोडीदार एकमेकांच्या पाठीला माती लावतात. वस्तादांच्या तालमीत कोरड्या पाठीनं कुणी लढत नसे.

सर्जेरावानं खांद्यावरून हात मागे टाकला. मग कमरेकडून वर नेऊन पाहिला. मूठभर माती डोक्यावरून मागे उडवली, ती निम्मी केसांत राहिली. एवढं कमावलेलं शरीर, पण पाठीचा मधला भाग काही हाताला येईना. बघणाऱ्याला हसू आलं असतं. बघायला एकटे वस्ताद होते, आणि ते हसले नाहीत.

"लागत न्हाई, वस्ताद. तुमी लावा."

वस्ताद गुडघ्यावर हात देत उठले, हौद्यात आले. त्यांनी वाकून मूठभर माती घेतली. सर्जेराव पाठ करून उभा राहिला.

वाट बघितली. पाठीला हात लागला नाही.

तो वळला. वस्तादांनी त्याचा पंजा धरला, माती त्यात ठेवली आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

सर्जेरावाला कळलं. ही माती मौलाकडे न्यायची होती, पाठीला त्यानंच लावायची होती. त्याला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली.

"त्यानं दारच उघडलं न्हाई तर?"

वस्ताद उंबऱ्याकडे निघाले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"उभं ऱ्हायला येतंय की तुला. जा, त्याच्या दारात उभा ऱ्हा."