मारुतीचं शनिवारचं तेल

कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावात एलोजी तेली घाणा चालवायचा. तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू. त्याच्या पवित्र शास्त्रात आधी संध्याकाळ आणि मग सकाळ, असा दिवस होतो. म्हणून शुक्रवारी सूर्य बुडाला की त्याचा विसाव्याचा शनिवार लागे आणि घाण्याचा बैल सुटे.

एका शुक्रवारी दिवेलागणीला गावचे खोत चार माणसं घेऊन आले आणि सुटलेला बैल बघून भडकले.

"शनिवार उद्या आहे ना रे? मग आजच काय सुट्टी?"

"साहेब, आमचा दिवस संध्याकाळी लागतो."

"माझ्या गावात दिवस सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत! ऐकलंत रे सगळ्यांनी? आणि उद्या मारुतीला शनिवारीच काढलेलं तेल पाहिजे. नाही मिळालं, तर घाणा उचल आणि गाव सोड."

एलोजीची बायको रडकुंडीला आली. एलोजी मात्र म्हणाला, "शनिवारचंच देतो, साहेब."

शनिवारी दिवसभर घाणा गप्प होता. खोतांनी तो न्यायला बैलगाडीसुद्धा जुंपून ठेवली. सूर्य बुडाला, चांदण्या दिसल्या, तसा एलोजीने बैल घाण्याला जुंपला. जेवणवेळेला तो तेलाची घागर घेऊन देवळात हजर!

खोत गरजले, "आता कशाला? तुझ्याच शास्त्राप्रमाणे शनिवार संपला!"

"माझा संपला, म्हणून तर घाणा चालवला. तुमचा सकाळपर्यंत आहे, साहेब. घ्या, मारुती खोळंबलाय."

गुरवाने हसू दाबत घागर घेतली. खोतांनी गाडीचे बैल सोडायला सांगितले.